जास्तीच्या शंभर फुटांची किंमत: एका क्रॉसबो खरेदीचं प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांनी आपला बारा वर्षं वापरलेला क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं, खटक्याने बाण सोडणारं धनुष्य, माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर आणून ठेवला आणि धनुष्याच्या उजव्या वाकणाऱ्या पट्टीवर नख फिरवायला सांगितलं. नख एका जागी अडकलं. केसाएवढी चीर होती. दोरी ताणली की त्या पट्टीवर केवढा जोर येतो हे माहीत असलेला माणूस असं धनुष्य पुन्हा वापरत नाही. काका आयुष्यभर मशीन शॉपमध्ये लेथवर काम केलेले, त्यांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा प्रश्न पुढचा होता: नवा घ्यायचा तर साधा घ्यायचा की वेगवान?

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. काका इथलेच, अमेरिकन, वय ६८. आमच्या घरात त्यांना सगळे काका म्हणतात आणि त्या हाकेला ते वळून बघतात. मी शिकारी नाही. भारतात वाढलेल्या माणसाला शिकार म्हटलं की १९७२ चा वन्यजीव कायदाच आठवतो, आणि तो कायदा आहे हे मला योग्यच वाटतं. पण ओहायोत पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, शिकारीला हंगाम, परवाना आणि संख्येची मर्यादा आहे, आणि काकांच्या घरी वर्षभराचं बरंचसं मांस त्यातूनच येतं. धनुष्याचा हंगाम इथे सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. क्रॉसबो त्या पूर्ण हंगामात चालतो, आणि हाताने ओढायच्या उभ्या धनुष्यापेक्षा क्रॉसबोने मारलेली हरणं आता इथे जास्त असतात. माझा व्यवसाय मापं घेण्याचा. म्हणून काका माझ्याकडे आले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी तीन आठवडे हे प्रकरण मोजत बसलो. ज्या आपल्या लोकांनी इकडे आल्यावर धनुष्य हातात घेतलं आहे, किंवा घ्यायचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठी ते सगळं लिहून काढतो आहे.

दुकानातला हिशेब असा होता. पहिला क्रॉसबो ५५० डॉलरचा, खोक्यावर वेग सेकंदाला ३७० फूट. दुसरा १,९०० डॉलरचा, वेग ४७० फूट. त्याच्याही वर ५०० फुटांचा आकडा मिरवणारे होते, पण त्यांच्या किमती काकांनी वाचल्या आणि कागद उलटा ठेवला. म्हणजे शंभर फुटांसाठी १,३५० डॉलर. दुकानदाराचं म्हणणं, वेग जास्त तर बाण सरळ जातो, हरणाला हलायला वेळ मिळत नाही आणि जखमी जनावर निसटत नाही. शेवटचा मुद्दा काकांना लागला. तीन वर्षांपूर्वी त्यांचं एक हरीण जखमी होऊन गेलं होतं. दोन दिवस शोधूनही ते सापडलं नाही. काका त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, पण पैसे टाकून तसं पुन्हा होणं टळत असेल तर टाकायला ते तयार होते. मलाही सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटत होतं. बाण सुटला की जनावर काही क्षणांत मेलं पाहिजे. ते जमणार नसेल तर खटका दाबू नये.

खोक्यावरचा आकडा

काकांच्या भाच्याकडे तो १,९०० वाला क्रॉसबो आदल्या वर्षापासून होता, तो त्याने दिला. ५५० वाला काकांच्या मित्राकडून मिळाला. मी वेग मोजायचं यंत्र, इथे ज्याला क्रोनोग्राफ म्हणतात ते, आणलं, आणि काकांच्या मेहुण्याच्या शेतावर आम्ही संध्याकाळी पाच-पाच बाण सोडायला लागलो.

पहिली गोष्ट लगेच कळली. खोक्यावरचा वेग हलक्या बाणाचा असतो. कंपनीने दिलेल्या ३८० ग्रेनच्या बाणाने साध्या क्रॉसबोने ३६६ पर्यंत मजल मारली, म्हणजे जवळजवळ कबूल केल्याइतकी. पण काका शिकारीला जो बाण वापरतात तो पात्यासकट ४५० ग्रेनचा, म्हणजे साधारण २९ ग्रॅम. जड बाण आवाज कमी करतो, धनुष्यावरचा ताण कमी करतो आणि हाडाला लागला तरी पुढे जातो. त्या बाणाने साधा क्रॉसबो ३४० वर आला, वेगवान ४४० वर. शंभराचा फरक राहिला, पण दोन्ही आकडे खाली सरकले. सेकंदाला ३४० फूट म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे, हेही लक्षात असू द्या. संथ म्हणावं असं यात काहीच नाही.

दुसरी गोष्ट जोराची. बाणाचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि ४,५०,२४० ने भागायचं, की फूट-पाउंडात ऊर्जा मिळते. बाण बनवणाऱ्या ईस्टनच्या जुन्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पाउंड सांगितलेत. साध्या क्रॉसबोचे ११५ भरतात, वेगवानचे १९३. बाण दोन्हींचा हरणातून आरपार जातो. आरपार गेल्यावर तो पलीकडे मातीत किती खोल रुततो, त्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. हा मुद्दा आम्ही तिथेच मिटवला.

अंतर, आवाज आणि चालणारं हरीण

वेगाची खरी बाजू अंतराच्या चुकीत आहे. हरीण २० यार्डांवर आहे समजून नेम धरला आणि ते २५ वर निघालं (यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार, नऊवारीतला), तर साध्या क्रॉसबोचा बाण सव्वा इंच खाली लागतो, वेगवानचा अर्धा इंच. हरणाची छाती-फुप्फुसांची जागा साधारण ८ इंच व्यासाची. मध्यावर नेम असेल तर चहूबाजूंना ४ इंचांची सवलत आहे. त्यात सव्वा इंच काय आणि अर्धा काय.

पण ४० समजून ५० निघालं तर? साधा जवळपास ७ इंच खाली जातो, म्हणजे पोटाखालून किंवा पायात. वेगवान चार इंचांच्या आत राहतो, काठावर का होईना. इथे ते १,३५० डॉलर काम करतात, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. फक्त, दीड-दोनशे डॉलरचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, ती दहा यार्डांची चूक मुळात होऊच देत नाही.

मग आवाज. खटका सुटला की ठप्प असा आवाज होतो आणि तो सेकंदाला सुमारे १,१२५ फुटांनी जातो. ५०० फुटांचा क्रॉसबोसुद्धा आवाजाच्या निम्म्या वेगाला पोचत नाही, त्यामुळे आवाजाच्या आधी बाण पोचेल ही आशा सोडून द्यायची. हरीण आवाज ऐकून पळण्यासाठी आधी पाय दुमडतं, म्हणजे अंग खाली टाकतं. बाण पाठीवरून जातो तो म्हणून. ऐकल्यावर हालचाल सुरू व्हायला दशांश सेकंद धरला आणि अंग गुरुत्वाकर्षणाने पडतंय असं मानलं, तर २५ यार्डांवर साध्या क्रॉसबोच्या बाणापुढे हरीण अर्धा इंच खाली गेलेलं असतं आणि वेगवानच्या पुढे जवळजवळ जागच्या जागी. ४० यार्डांवर साध्याला ४ इंचांचा फटका बसतो, वेगवानला इंचभराच्याही आत. पुन्हा तेच: जवळ काही नाही, लांब बरंच काही.

हे गणित मी वहीत मांडत होतो तेव्हा काका म्हणाले, "ते सगळं उभ्या हरणाचं. चालणाऱ्याचं मांड."

मांडलं. सावकाश चालणारं हरीण ताशी ३ मैलांनी जातं असं धरू. २५ यार्ड जायला साध्या बाणाला ०.२२ सेकंद लागतात, तेवढ्यात हरीण साडेअकरा इंच पुढे गेलेलं असतं. वेगवान बाणाच्या वेळेत ९ इंच. चार इंचांची सवलत दोन्हीकडे उडाली. बाण छातीऐवजी पोटात. तीन वर्षांपूर्वीचं हरीण असंच गेलं होतं. ते चालत होतं, आणि काकांना वाटलं होतं की २२ यार्ड म्हणजे काहीच नाही. १,९०० डॉलर त्या दिवशी हातात असते तरी ते हरीण जखमीच झालं असतं. यावर उपाय फुकटचा आहे आणि जुने शिकारी तो करतात: तोंडाने बकरीसारखा हलका आवाज काढायचा, हरीण थबकून मान वर करतं, तेव्हा खटका. काकांनी हा आकडा बराच वेळ बघितला. दुकानदाराचा सगळ्यात भावलेला मुद्दा तिथे गळून पडला होता, आणि त्यांना त्याने बरं वाटलं की वाईट, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मचाणावर

दुसऱ्या रविवारी आम्ही ज्या मचाणावरून ते शिकार करतात तिथे गेलो. ओढ्याकाठचं एक ओकचं झाड, १८ फुटांवर लोखंडी मचाण. काका वर चढले, मी रेंजफाइंडर घेऊन खाली फिरलो. रानटी सफरचंदाच्या झाडापर्यंत १९ यार्ड. कुंपणाच्या मोडक्या खांबापर्यंत २७. ओढा वळतो तिथवर ३४. त्याच्या पलीकडे झुडपं एवढी दाट की बाण जाईल अशी फटच नाही. मागच्या अकरा हरणांची अंतरं काकांना तोंडपाठ होती, सगळ्यात लांबचं ३१.

आता वर बसून काकांनी वेगवान क्रॉसबो खांद्याला लावला आणि ब्रॉडहेडची गोष्ट निघाली. सरावाला आपण टोकदार साधी डोकी लावतो. शिकारीला पात्यांची डोकी, ब्रॉडहेड. ओहायोचा नियम असा की कमीत कमी दोन धारा आणि पाऊण इंच रुंदी हवी. काका स्थिर पात्यांचं डोकं वापरतात, उघडझाप करणाऱ्या पात्यांवर त्यांचा भरवसा नाही. स्थिर पाती वाऱ्यात बाणाच्या पुढच्या टोकाला सुकाणूसारखी वागतात, आणि वेग जेवढा जास्त तेवढी बारीकशी वाकडी जोडणीही जास्त खेचते. आम्ही ४० यार्डांवर करून पाहिलं. साध्या टोकांचे तीन बाण मुठीएवढ्या जागेत. त्याच बाणांना ब्रॉडहेड लावले तर वेगवान क्रॉसबोचे तिन्ही ५ इंच डावीकडे. साध्याचे २ इंच. बाणाची डोकी फिरवून, जुळवून हे सुधारतं, पण त्यासाठी आठवडे द्यावे लागतात. शिवाय वेगवान बाण आमच्या फोमच्या लक्ष्यात असा रुतला की पाय लावून दोघांनी ओढला तरी हलेना, शेवटी फोम कापून काढला. नवं लक्ष्य, त्या क्रॉसबोचेच खास बाण, वरचेवर बदलायची दोरी आणि केबल. खोक्यावरच्या किमतीत यातलं काही नसतं.

इथे मी निकाल देऊन मोकळा होणार होतो: साधा घ्या, रेंजफाइंडर घ्या, राहिलेले हजार डॉलर बँकेत टाका. तो निकाल चुकला असता.

काकांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे. साध्या क्रॉसबोची दोरी १८५ पाउंडांची. ती दोन हुकांच्या दोरखंडाने ओढतात, त्याने जोर निम्मा होतो, तरी नव्वदेक पाउंड उरतात. जमिनीवर, पाय क्रॉसबोच्या टोकाच्या रिकिबीत घालून, काकांनी ती एकदा ओढली. दुसऱ्यांदा अर्ध्यात सोडून दिली. त्या मॉडेलला बाहेरून बसवायचं, फिरवून दोरी ताणायचं क्रँकचं हँडल १८० डॉलरला मिळत होतं, म्हणजे एकूण ७३०. स्वस्तच. आम्ही ते बसवून पाहिलं. हुक दोरीवर हाताने अडकवावे लागतात, पट्टे सरळ आहेत ना बघावं लागतं आणि दर फिरवणीला टक-टक वाजतं. तरी चालण्यासारखं होतं.

मग मी विचारलं, मागच्या हंगामात तुम्ही किती संध्याकाळी मचाणावर बसलात? ते डायरी ठेवतात. २३. आणि बाण किती वेळा सुटला? दोनदा.

उरलेल्या २१ संध्याकाळी काय करत होतात?

क्रॉसबोची दोरी ताणून अडकवली की ती सोडवायची कशी, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. बाण न लावता खटका दाबला तर सगळा जोर धनुष्यातच फुटतो, पट्ट्या तडकतात, दोरी तुटून तोंडावर येऊ शकते. म्हणून रिवाज असा की एक जुना बाण ठेवायचा आणि अंधार पडल्यावर तो मऊ जमिनीत सोडायचा. काका वरून क्रॉसबो दोराने खाली सोडत, ताणलेलाच, मग स्वतः शिडीने उतरत आणि खाली टॉर्च तोंडात धरून तो बाण मातीत मारत. ताणलेला क्रॉसबो दोराला लोंबतोय आणि खाली अंधारात दगड आहे की मूळ हे दिसत नाही. जमीन थिजली की बाण उसळायचा, एकदा त्यांच्या बुटाजवळून गेला. हे त्यांनी सहज सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला. त्या जुन्या धनुष्याच्या चिरेचं कारण मला कळलं असं मी म्हणणार नाही, पण वर्षाला वीसेक वेळा विनाकारण होणारा तो ताण कुठेतरी जातच असणार.

वेगाची गरज दोन संध्याकाळी पडली होती. उतरवण्याची एकवीस.

इथून शोध बदलला. आम्ही फुटांचा आकडा मागे ठेवला आणि दांड्याच्या आतच क्रँक असलेला, हँडल उलटं फिरवून दोरी हळूहळू परत सोडता येणारा क्रॉसबो शोधायला लागलो. तसा एक १,३०० डॉलरला मिळाला, खोक्यावर ४०० फूट. दुकानातला वापरायचा नग मागून घेतला आणि मोजला: जड बाणाने ३७५. ताणल्यावर त्याची रुंदी वीतभराच्याही आत. ५५० वाला दीड फूट पसरतो, आणि मचाणावर बसून डावीकडे वळलं की त्याचं टोक झाडाच्या बुंध्याला घासतं. खटका दाबताना पट्टी बुंध्याला किंवा पट्ट्याला लागली तर काय होतं ते कोणाला बघायची इच्छा नसावी. शिवाय १,३०० वाल्याच्या दांड्याला अंगठ्यासाठी खालच्या बाजूला आडवी कड होती. अंगठा वर, दोरीच्या वाटेत राहिला तर जातो. काकांच्या ओळखीत एकाचा गेला आहे.

हिशेब असा झाला: क्रॉसबो १,३००, रेंजफाइंडर १८०, मचाणावर बांधून घ्यायचा नवा हार्नेस १२०, ब्रॉडहेड ६०. एकूण १,६६०. वेगवान क्रॉसबोच्या नुसत्या किमतीपेक्षा २४० कमी, आणि ते २४० दोरी बदलायला बाजूला ठेवले. साध्यापेक्षा ७५० जास्त देऊन घेतलेल्या क्रॉसबोचा वेगही ३५ फुटांनी वाढला, पण तो फुकट आला असंच आम्ही धरलं.

भाच्याचा क्रॉसबो आम्ही पुसून परत केला. त्याच्यासाठी तो बरोबर आहे, असं माझं मत झालं आहे. तो सोयाबीन कापलेल्या उघड्या शेताच्या बांधावर बसतो, त्याची हरणं ४५-५० यार्डांवरून येतात, वय २९, खांदे शाबूत, आणि उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा सराव करतो. ४० च्या पुढे शंभर फुटांचं काय मोल आहे ते वर आलंच आहे. एकच धास्ती मी त्याला बोलून दाखवली. वेगवान धनुष्य हातात आलं की ५० चा माणूस ६५ चा विचार करायला लागतो. तिथे बाण पोचायला पाऊण नव्हे तरी जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि अर्ध्या सेकंदात हरीण काय करेल ते कोणतंही खोकं सांगत नाही. तो हसला नाही, मान हलवली. मला ते पुरेसं वाटलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा संध्याकाळी फोन आला. सफरचंदाच्या झाडापलीकडून एक मादी चालत आली, त्यांनी बकरीसारखा आवाज काढला, ती थांबली, रेंजफाइंडर २४ म्हणाला. बाण आरपार. ती साठेक पावलं पळाली आणि ओढ्याच्या अलीकडेच पडली. मी टॉर्च घेऊन गेलो तेव्हा ते तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले होते आणि टोपी हातात होती.

जानेवारीअखेर त्यांनी डायरी दाखवली. १९ संध्याकाळी मचाणावर, बाण एकदा सुटला. बाकीच्या १८ संध्याकाळी त्यांनी हँडल उलटं फिरवून दोरी उतरवली. बसल्या जागी, हातमोजे न काढता. त्याला अर्धं मिनिट लागतं.